जुनी मियाटा आणि ट्रॅक : ब्रेक कोणते घ्यावेत?

धागाकर्ता : लगुना_लेकर (सॅन होजे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९२ ची मझदा मियाटा आहे, १.६ लिटर इंजिनवाली. इंजिनाला हात लावलेला नाही. सस्पेन्शन आणि टायर मात्र बदललेत आणि रिम आता १५ इंची आहेत. गाडी रोज चालवत नाही, ती फक्त ट्रॅक डेसाठी (रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी नेऊन चालवायचा दिवस) ठेवली आहे. मॉन्टेरेजवळचा लगुना सेका हा ट्रॅक इथून तासा-सव्वा तासावर आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तिथेच जाणं होतं. कधी थंडरहिलच्या ट्रॅकला जातो.

टायर चांगले बसवल्यापासून ब्रेक कमी पडायला लागलेत. पहिला लॅप छान जातो. तिसऱ्या-चौथ्या लॅपला दुसऱ्या वळणावर (अँड्रेटी हेअरपिन, सरळ पट्टा संपून उतारावर येतं ते) पेडल खोल जातं. पाय उचलून परत दाबलं की वर येतं आणि गाडी थांबते, पण तोवर छातीत धस्स झालेलं असतं. जोडीला जळका वास येतो आणि जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

डिस्क कंपनीच्याच मापाच्या आहेत, पुढे २३५ मिमी. पॅड स्पेअरपार्टच्या दुकानात मिळणारे साधे. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, भंगारातल्या १९९४ पासूनच्या १.८ मियाटाचे ब्रेक, ज्यांची पुढची डिस्क २५५ मिमी असते. दोन, २००१ पासूनच्या मॉडेलचे स्पोर्ट ब्रेक, पुढे २७० आणि मागे २७६ मिमी. तीन, विल्वुड कंपनीचे चार पिस्टनवाले अॅल्युमिनियम कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्यासोबत येणाऱ्या मोठ्या डिस्क. मित्र म्हणतात, एकदाच काय तो खर्च कर आणि तिसरं घेऊन टाक. इंग्रजी फोरमवर प्रत्येकाचं मत वेगळं, आणि वाचून गोंधळ वाढतोच. इथे गाड्यांतली जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

चाकणकर

लेकर, सुटे भाग नंतर बघू. आधी एक सांगा, पेडल खाली जातं तेव्हा पायाला काय जाणवतं? मऊ, स्पंज दाबल्यासारखं लागतं, की पेडल कडक राहतं आणि गाडीच थांबत नाही?

हे दोन निरनिराळे आजार आहेत आणि औषधंही निराळी. पेडल मऊ होऊन खोल गेलं आणि दोनदा दाबल्यावर परत आलं, तर कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो. पेडल दगडासारखं कडक आणि तरी गाडी पुढे सरकत राहिली, तर पॅडचं मटेरियल त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलंय आणि घर्षण संपलंय. पहिल्या आजाराला मोठी डिस्क लगेच बरं करत नाही, आणि दुसऱ्याला नवीन ऑइलचा काही उपयोग नाही.

मी ब्रेकच्या चाचणी विभागात काम करतो. डायनॅमोमीटरवर (ब्रेक तपासायच्या यंत्रावर) डिस्क लालभडक होईपर्यंत फिरवणं हे आमचं रोजचंच. तिथे एक गोष्ट पक्की कळते : ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करणं आणि ती उष्णता हवेत टाकणं. या साखळीतली जी कडी आधी तुटते तिच्यावर पैसे खर्च करायचे. बाकीच्या कड्या कितीही भारी लावा, फरक पडणार नाही.

लगुना_लेकर

मऊ. नक्की मऊ. शेवटच्या लॅपला मात्र पेडल बऱ्यापैकी वर होतं आणि तरीही गाडी हवी तशी पकडत नव्हती. म्हणजे दोन्ही?

चाकणकर

दोन्ही असू शकतं, आणि साध्या पॅडवर, जुन्या ऑइलवर चांगले टायर लावले की हेच होतं. पूर्वी टायरच घसरायचे, त्यामुळे ब्रेकवर एवढा भार यायचाच नाही.

आता जरा हिशेब करू, म्हणजे कोणत्या डिस्कने काय मिळेल ते कळेल. गाडी, तुम्ही आणि पेट्रोल मिळून १०५० किलो धरू. ताशी १६० वरून ८० वर आणायचीय. १६० ला गाडीत साधारण १०.४ लाख जूल ऊर्जा असते. वेग निम्मा केला की ऊर्जा पाव उरते, म्हणजे २.६ लाख. मधले ७.८ लाख जूल कुठेतरी जायला हवेत. थोडी हवा खाते, थोडं इंजिन रोखतं, ते आत्ता सोडून देऊ. त्यातले ७० टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे एका डिस्कला साधारण २.७ लाख. डिस्क ४ किलोची असेल तर एका ब्रेकिंगमध्ये ती १४० अंशांच्या आसपास तापते. ५ किलोची असेल तर ११५ च्या आसपास. हे एकाच ब्रेकिंगचं झालं. पुढच्या वळणापर्यंत ती पुरती निवत नाही, आणि त्यावर पुढचं ब्रेकिंग चढतं. तीन-चार लॅपनंतर तापमान जिथे स्थिरावतं, तिथे तुमचा पॅड आणि ऑइल टिकतात का, एवढाच प्रश्न आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. थंड ब्रेकवर तुम्ही चाक लॉक करू शकत असाल (म्हणजे चाक फिरायचं थांबून घसरत असेल) तर दाब पुरेसा आहे. त्यापुढे एका ब्रेकिंगमध्ये गाडी किती अंतरात थांबते ते टायर ठरवतो, कॅलिपर नाही. चार पिस्टन लावून पहिल्या लॅपचं अंतर कमी होत नाही. मोठे ब्रेक घ्यायचे ते दहाव्या लॅपलाही पहिल्या लॅपसारखं थांबण्यासाठी.

ऑस्टिनची_ताई

चाकणकर, तुमचा हिशेब पटला. पण जरा दुसऱ्या बाजूनेही बोलते. माझी १९९४ ची आहे, १.८. सर्किट ऑफ द अमेरिकाजवर (थोडक्यात ‘कोटा’) चालवते. तिथे मागचा सरळ पट्टा किलोमीटरच्या वर लांब आहे आणि त्याच्या शेवटी बाराव्या वळणाला अगदी हळू व्हावं लागतं. पहिलं वळणही चढावरचं आणि हळूच. कंपनीच्या ब्रेकवर चांगले रेसिंग पॅड आणि चांगलं ऑइल घालून मी सुरुवात केली. चाललं, पण पॅड फार लवकर संपायचे, आणि तेही तिरके झिजायचे, वरची कड जाड आणि खालची पातळ. सरकत्या कॅलिपरच्या पिना कितीही साफ करून ग्रीस लावा, तापल्यावर कॅलिपर थोडा उघडतोच.

विल्वुड लावल्यापासून पॅड सरळ झिजतात. चाक काढलं की वरची पिन ओढून पॅड मिनिटात बदलता येतात, दोन सेशनच्या मधे कॅलिपर सोडत बसावं लागत नाही. कॅलिपर अॅल्युमिनियमचा म्हणून वजनही उतरतं, आणि ते चाकाकडचं वजन असल्यामुळे गाडी खड्ड्यांवर, कर्बवर जास्त शांत राहते. म्हणून "फक्त दिखावा" म्हणून या किटला बाद करू नका.

तोटाही सांगते. विल्वुडच्या या डायनालाइट कॅलिपरला पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला चालतं. रोज पावसापाण्यात फिरणाऱ्या गाडीला मी लावणार नाही. आणि ऑर्डर देण्याआधी रिममध्ये कॅलिपर बसतो का ते किटसोबतच्या कागदी साच्यावर तपासा. १५ इंची असूनही काही रिमचे स्पोक आतून कॅलिपरला घासतात.

पुणे_३०_व्हीटेक

छान धागा. माझी होंडा सिटी व्हीटेक आहे, १.५ लिटर, पुढे डिस्क मागे ड्रम. कोइमतूरजवळच्या करी स्पीडवेवर आणि चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईला चालवतो. आपल्याकडे या गाडीला तयार किट वगैरे मिळणं मुश्कील, त्यामुळे जे आहे त्यातूनच काम काढावं लागतं. एका अर्थी बरंच झालं, नेमकं काय कशाने सुधारतं ते नीट कळलं.

सगळ्यात मोठा फरक ऑइलने पडला. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) चं ताजं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळलं पाहिजे, असं मानक सांगतं. पण ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी गेलं की तेच मानक १५५ अंशांवर समाधान मानतं. डॉट ३ तर ताजं २०५ आणि पाणी पिल्यावर १४०. आपल्याकडचा पावसाळा, त्यात कोकणात किंवा मुंबईत गाडी उभी असेल तर विचारूच नका. मी मोट्यूलचं आरबीएफ ६०० वापरतो, ते कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत जातं. ६६० नंबरचं ३२५ पर्यंत. प्रत्येक ट्रॅकवारीच्या आधी चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढतो. बाटली एकदा फोडली की उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवत नाही. फोडलेल्या बाटलीतही पाणी शिरतंच.

लेकर, तुमच्या गाडीत कोणतं ऑइल आहे आणि कधी बदललंय?

लगुना_लेकर

जुन्या मालकाने काय घातलं ते माहीत नाही. मी घेतल्यावर टाकीत वरून थोडं भरलं होतं, दुकानातलं साधं डॉट ३. आज ब्लीडर (कॅलिपरवरचा ऑइल काढायचा स्क्रू) उघडून थोडं काढून बघितलं. चहासारखं गडद आहे, तळाला काळी भुकटी.

चाकणकर

मग निम्मं उत्तर त्या भांड्यातच आहे. काळी भुकटी म्हणजे आतली रबर सीलं झिजतायत. सगळं ऑइल बदला, कॅलिपरची सीलंही.

आणखी एक सांगून ठेवतो : डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल घेऊ नका. नाव पुढच्या इयत्तेचं वाटतं, पण ते बाकीच्यात मिसळत नाही, आणि ट्रॅकवर तापल्यावर पेडल मऊ लागतं. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच घराण्यातलं.

घाटरस्ता_सातारा

मुलांनो, मी तुमच्या रेसिंगमधला नाही. माझं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. पण ब्रेक तापणं म्हणजे काय, ते खंबाटकी आणि कसारा उतरणाऱ्या गाड्यांनी पुरेपूर शिकवलंय. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, मग चालकाला पेडल खोल दाबावं लागतं. डिस्कमध्ये तसं होत नाही, डिस्क तापून जाड झाली तर पॅडकडेच येते. म्हणून डिस्कवाल्या गाडीचं पेडल खोल जात असेल तर चाकणकर म्हणतात तसं ऑइल तपासा, आणि त्याच्याबरोबर रबरी पाइपही.

गाडी १९९२ ची. पाइप बदललेत का कोणी? जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो. आतून फुगतो, सोलतो. ब्रेक मारला की दाबाने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला वाट मिळत नाही. मग पॅड डिस्कला टेकूनच राहतात, चाक ओढतं, आणि चालकाला वाटतं ब्रेकच लहान आहेत. उतारावर सोडलेली गाडी आपोआप सुटते का, ते बघ बाळा. ट्रॅकवरून आल्यावर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघ. चाक जड फिरत असेल तर ट्रॅकवरसुद्धा ते सतत तापतच असणार.

लगुना_लेकर

काका, पाइप कंपनीचेच असावेत, त्यांच्यावर तारखेचा शिक्काही वाचता येत नाही इतके जुने. उद्याच स्टीलच्या जाळीवाले चार पाइप मागवतो. चाक जॅकवर उचलून बघितलं. डावं पुढचं चाक खरंच जड फिरतं!

पुणे_३०_व्हीटेक

काकांनी न बघता निदान केलं. मानलं.

ऑस्टिनची_ताई

थरथर होते म्हणालात त्याबद्दल. "डिस्क वाकडी झाली" असं सगळे म्हणतात आणि बदलतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, पॅडचं मटेरियल तिच्यावर कुठे जाड कुठे पातळ बसलेलं असतं. तापलेला ब्रेक दाबून धरून एका जागी उभं राहिलं की तिथे पॅडचा ठसा उमटतो. पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे) आल्यावर पाय पेडलवर ठेवू नका, हँडब्रेकही ओढू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा. शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न लावता, हळू काढा, वाऱ्यावर सगळं निवू द्या. नाहीतर डिस्कची उष्णता उभ्या गाडीत कॅलिपरमध्ये चढते आणि ऑइल पिटमध्येच उकळतं. पुढच्या सेशनला पहिल्याच ब्रेकला पेडल गायब.

चाकणकर

ताईंच्या विल्वुडला माझा विरोध नाही. कोटासारख्या ट्रॅकवर आणि त्यांच्या वेगाला ते योग्यच आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. लेकर, थोडं मोजमाप करा. तापमानाचा रंग मिळतो, डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तीन ठिपके द्यायचे. हिरव्याचा रंग ४३० अंशांना बदलतो, नारिंगीचा ५६० ला, लालचा ६१० ला. सेशननंतर कोणता रंग बदलला आणि कोणता नाही, त्यावरून डिस्क कुठवर गेली ते कळतं. एवढ्या स्वस्तात एवढी खरी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. पाइप, ऑइल, सीलं बदला, पॅड आत्ता आहेत तेच ठेवा, आणि एकदा जाऊन या. जपून चालवा, पेडल मऊ लागलं की लगेच पिटमध्ये.

लगुना_लेकर

जाऊन आलो. आधी चांगली बातमी : पेडल शेवटपर्यंत वर राहिलं. एकदाही खोल गेलं नाही. चाकं मोकळी फिरतात.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या सेशनमध्ये कॉर्कस्क्रूच्या (लगुना सेकाचं खाली कोसळणारं वळण) आधी, चढ संपतो तिथे ब्रेक मारला आणि गाडी फरपटत गेल्यासारखी पुढे गेली. पेडल अगदी कडक. पाय जोरात दाबूनही काही नाही. तिथेच सोडून हळू बाहेर आलो.

रंग : पुढे हिरवा पूर्ण उडाला, नारिंगीही उडाला, लाल जसाच्या तसा. मागच्या डिस्कवर हिरवासुद्धा शाबूत. पुढच्या पॅडच्या कडा भुसभुशीत झाल्यात, नखाने दाबलं तर तुकडा निघाला. डिस्कवर निळसर छटा आणि बारीक केसासारख्या रेघा.

चाकणकर

आता खरं चित्र दिसलं. पुढची डिस्क ५६० ते ६१० च्या मधे जातेय. रस्त्यावरचा पॅड त्याच्या बऱ्याच आधी हात टेकतो, तुमचा टेकलाच. हा ट्रॅकचा पॅड घेण्याचा प्रश्न आहे. आणि २३५ च्या डिस्कवर एवढं तापमान रोज जात असेल तर डिस्क मोठी करण्यातही अर्थ आहे, कारण केसासारख्या रेघा याच पुढे तडे होतात. रेघ कडेपर्यंत पोचली किंवा नख अडकायला लागलं की ती डिस्क फेकायची. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण ट्रॅकवर तडे त्या भोकांपासूनच सुरू होतात. साध्या, भोक नसलेल्या बिडाच्या डिस्क घ्या. स्वस्त मिळतात, आणि त्या संपणारीच वस्तू आहे हे धरून चाला.

मागच्या डिस्कवर हिरवाही उडाला नाही, ही माझ्या मते तुमच्या मोजणीतली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. मागचे ब्रेक जवळपास काम करत नाहीयेत. थोडा फरक साहजिक आहे, पण इतका नाही.

ऑस्टिनची_ताई

अगदी. आणि आता तुम्ही फक्त पुढे मोठं किट लावलं असतं तर? पुढचा जोर आणखी वाढला असता, मागचे आणखी कमी वापरले गेले असते. मोठे ब्रेक लावूनही थांबण्याचं अंतर वाढलेल्या गाड्या बघितल्यात मी.

पुणे_३०_व्हीटेक

हे जरा उलगडून सांगाल का कोणी? आमच्या ड्रमवाल्या गाड्यांनाही लागू होईल.

चाकणकर

सांगतो. चाकाला रोखणारा जोर तीन गोष्टींचा गुणाकार आहे : पॅडचं घर्षण, पिस्टनचा दाब, आणि डिस्कच्या मध्यापासून पॅड किती लांब दाबतो ते अंतर. कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, पुढची चाकं थोडी आधी लॉक व्हावीत असं. ती आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते, आणि ताशी १५० ला फिरलेली गाडी सावरायला कोणाच्या हाताशी वेळ नसतो.

पुढची डिस्क २३५ ची २५५ केली की पॅड मध्यापासून १० मिमी लांब गेला, म्हणजे तेवढ्याच दाबाला साधारण १० टक्के जोर वाढला. पुढचे पॅड जास्त पकडणारे घेतले तर त्यावर आणखी. म्हणून नियम एकच, पुढे जे कराल त्याला जोडीचं मागे करा. १.८ चे ब्रेक घेताना चारही चाकांचे घ्या, मागची डिस्क त्यात २५१ ची येते. पुढचे आणि मागचे पॅड एकाच घराण्यातले, मागचे एक पायरी सौम्य.

सिटीसारख्या ड्रमवाल्या गाडीत मागे फार करता येत नाही, म्हणून पुढे अतिजहाल पॅड घालायचा मोह टाळा. मधल्या ताकदीचा, तापमान झेलणारा पॅड बघा आणि मागचे लायनर अॅडजस्ट करून ठेवा.

लगुना_लेकर

मग स्पोर्ट ब्रेक की १.८ चे? स्पोर्टच्या डिस्क आणखी मोठ्या, म्हणजे आणखी थंड, ना?

ऑस्टिनची_ताई

थंड, हो. पण जडही. तुमच्या ११६ घोड्यांच्या गाडीला ते वजन फिरवायचंय आणि थांबवायचंय. शिवाय स्पोर्टवाल्या गाडीत कंपनीने मास्टर सिलिंडर (पेडलमागे ऑइल दाबणारा) मोठा आणि मागच्या दाबाचा व्हॉल्व्ह वेगळा दिला होता. मागची डिस्क तिथे पुढच्यापेक्षाही मोठी आहे, २७६. ती तुमच्या जुन्या व्हॉल्व्हबरोबर लावली तर प्रमाण नीट जमवावं लागेल. माझं मत, इंजिन वाढवायचं नसेल तर १.८ चा संच. टर्बो वगैरे डोक्यात असेल तर आत्ताच स्पोर्टचा घ्या, दोनदा खर्च नको.

लगुना_लेकर

टर्बो अजिबात नाही. मला ही गाडी आहे तशीच आवडते. कमी ताकदीची गाडी वळणातून न सोडता काढायची, तेच तर शिकायचंय.

चाकणकर

मग १.८ चा संच. तुमच्या गाडीला पुढचे-मागचे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड एवढंच बदलावं लागतं, कॅलिपर तुमचेच चालतात. फक्त त्यांना नवी सीलं आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस.

पॅडमध्ये हॉकचे डीटीसी मालिकेतले किंवा कार्बोटेकचे एक्सपी मालिकेतले, त्या वजनाच्या गाड्यांवर पुष्कळ लोक वापरतात. सर्वात जहाल घेऊ नका. हलक्या गाडीत तो पॅड कधी पुरता तापतच नाही आणि डिस्क किसून काढतो. हे पॅड थंड असताना किंचाळतात, आणि त्यांची भुकटी पाण्यात भिजली की रिमवर आणि रंगावर गंज धरते. ट्रॅकवरून आलात की त्याच संध्याकाळी रिम धुवा.

नवे पॅड लावले की आधी बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू जोर वाढवत लागोपाठ ब्रेक मारायचे, पूर्ण थांबायचं नाही, मग बराच वेळ ब्रेक न लावता चालवून निववायचं. डिस्कवर पॅडचा एकसारखा राखाडी थर दिसला पाहिजे. थर नीट बसला की ताईंनी सांगितलेली थरथर येत नाही.

घाटरस्ता_सातारा

आणि वारा? इंजिनापुढे वारा लागतो तसा ब्रेकला लागतो का तुमच्या गाडीत?

ऑस्टिनची_ताई

काका, योग्य वेळी आठवण केलीत. बंपरखालून दोन लवचिक नळ्या आत न्यायच्या. फक्त चाकाच्या दिशेने वारा सोडून उपयोग नाही, नळीचं तोंड डिस्कच्या मध्यापाशी आणायचं. पोकळ डिस्क फिरताना पंख्यासारखी मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. फक्त एका बाजूच्या पृष्ठभागावर वारा मारला तर एक बाजू थंड आणि दुसरी गरम राहते, डिस्कला तडे जातात. डिस्कमागचा पत्रा कापून तिथे नळी बसवायला प्लेट मिळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून नळी टायरला घासत नाही ना, ते मात्र दोन्ही बाजूंनी बघा.

माझ्या मते खर्चाच्या मानाने हे काम पॅडच्या खालोखाल आहे. विल्वुडच्याही आधी मी हे सांगेन.

लगुना_लेकर

ठरलं तर मग. १.८ चा चारही चाकांचा संच, साध्या डिस्क, एका मालिकेचे पॅड, पुढे वाऱ्याच्या नळ्या. मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करायला विल्वुडचा फिरवता येणारा व्हॉल्व्ह लावू का?

चाकणकर

सध्या नको. आधी जुळता संच लावून रंगाचे ठिपके परत द्या, या वेळीही पुढे आणि मागे. मागच्या डिस्क तापायला लागल्या तर व्हॉल्व्हची गरजच नाही. लावलाच तर जुन्या व्हॉल्व्हच्या जोडीला नको, त्याच्या जागी लावा. मागचा दाब सर्वात कमी ठेवून सुरुवात करा, रिकाम्या सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक मारत थोडा थोडा वाढवा, आणि पुढची चाकं आधी लॉक होतायत तोवरच थांबा. हे काम ओल्या रस्त्यावर परत तपासायचं, तिथे वजन पुढे कमी झुकतं आणि मागच्यांचं प्रमाण बदलतं.

पण मागच्या डिस्क गार राहिल्या त्याचं मला आणखी एक कारण दिसतं. पेडल थंड असतानाही थोडं लांब जातं का? आणि हँडब्रेक किती ओढावा लागतो?

लगुना_लेकर

हो, थंड असतानाही पहिला इंचभर काहीच नसतं. हँडब्रेक जवळजवळ सरळ उभा होतो. केबल सैल असेल म्हणून सोडून दिलं होतं.

चाकणकर

केबलला हात लावू नका. मियाटाच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकसाठी आत स्क्रू असतो, आणि पॅड झिजल्यावर तो नेहमीच आपला आपण पुढे येतो असं नाही. पॅड डिस्कपासून लांब राहिले की पेडलचा अर्धा प्रवास त्यांना जवळ आणण्यातच जातो.

कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिमीचा एक बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिमीची अॅलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवा, पॅड डिस्कला टेकून चाक अडेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, किंचित घासल्याचा आवाज चालेल. दोन्ही बाजूंना सारखं करा. नवे मागचे पॅड घालताना पिस्टन आत घ्यायलाही हाच स्क्रू उलटा फिरवायचा. क्लॅम्प लावून जोराने दाबला तर आतली यंत्रणा तुटते.

हे झाल्यावरच हँडब्रेकची केबल बघा.

लगुना_लेकर

आत्ता गॅरेजमधून लिहितोय. उजव्या बाजूला जवळजवळ दीड फेरा गेला, डाव्या बाजूला त्याहून जास्त. पेडल वरतीच पकडतंय आणि हँडब्रेक निम्म्यात घट्ट होतो. नवीन पाइपांची हवा परत एकदा काढतो आणि संच आला की मागच्या डिस्कवर रंग देऊन थंडरहिलला नेतो. आकडे इथेच टाकेन.

घाटरस्ता_सातारा

जाण्याआधी चाकाचं बेअरिंगही हलवून बघ. वरून-खालून धरून. ते ढिलं असलं तर डिस्क पॅडना मागे ढकलते आणि वळणानंतरचं पहिलं पेडल खोल जातं. तेव्हा उगाच परत ऑइलला दोष देत बसशील.